उसने डोळे

डोळ्यांत औषधाचे थेंब पडले की ते मिटून पडून राहायचं, मध्येच उघडायचे नाहीत, असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं आणि ती ते इमानेइतबारे पाळत असे. उभ्या आयुष्यात डोळ्यांना सुट्टी मिळाली ती आता, तीसुद्धा औषधापुरती, असं ती सुनेला म्हणायची. सून हसायची, कारण आपली सासू विनोदी आहे असं तिचं मत होतं. मिटल्या डोळ्यांना घर ऐकू यायचं. न्हाणीघरातला गळका नळ, जो मुलगा येत्या रविवारी दुरुस्त करणार होता आणि असे पुष्कळ रविवार येऊन गेले होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची. जिन्यात थबकलेली आणि मग पुढे गेलेली पावलं. त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत नात कविता पाठ करत होती. पाठांतर म्हणजे एक ओझं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेऊन टाकायचं आणि परत आणायचं, अशा चालीत ती म्हणत होती, ‘एकच दिवा, एकच वात, जागते आई सारी रात.’ आजी ऐकत होती आणि ऐकतही नव्हती. मग तिला जाणवलं की आपल्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आपोआप वळतायत. काहीतरी बारीक, गोल, काचेचं धरावं, मनगटातून हलकेच फिरवावं आणि एकदम थांबवावं, तशी. कितीतरी वर्षांत न झालेली ती हालचाल हाताला आधी आठवली, डोक्याला मागाहून. ‘डोळे दिले, मायेने दिले,’ नात म्हणाली, ‘घर माझे उजळून आले.’

ती ताडकन उठून बसली. औषध गालावरून ओघळलं. तिनं नातीला हाक मारून पुस्तक आणायला सांगितलं. पोरगी आली, आजीच्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, रडतेस का. औषध आहे, ती म्हणाली, तू वाच. पोरीनं पुन्हा वाचलं. मथळा होता ‘आईचे डोळे’. चित्रात एक बाई खिडकीत बसून शिवत होती आणि तिच्या डोक्यामागे पिवळा गोल काढला होता. खाली कवीचं नाव असतं तिथे काय आहे, तिनं विचारलं. तिथे ‘पारंपरिक’ असं होतं.

“पारंपरिक म्हणजे गं काय?”

“बाईंनी सांगितलंय,” नात म्हणाली, “म्हणजे कुणी लिहिलेलं नसतं. आपोआप झालेलं असतं.”

आपोआप. भिंतीला ओल येते ती आपोआप. गुडघे धरतात ते आपोआप. तिनं पोरीला जायला सांगितलं आणि पुन्हा आडवी झाली, पण डोळे आता मिटले काय आणि उघडे ठेवले काय, समोर तो हॉल येऊन उभा राहिला होता. लांबलचक, खिडक्या बंद केलेला, दोन्ही बाजूंना बाकांच्या रांगा, आणि प्रत्येक बाईसमोर एक दिवा, दिव्यामागे अर्धी काळी आणि अर्धी पांढरी पाटी. इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या भरून सील होऊन त्यांच्यापुढे यायच्या. कुपी उचलायची, फिरवायची, थांबवायची. काच थांबते पण आतलं पाणी फिरत राहतं, आणि तेवढ्यात त्यात काही कण, तंतू, काचेची कपची तरंगते का ते बघायचं. काळ्या पाटीपुढे पांढरं दिसतं, पांढऱ्यापुढे काळं. दिसलं तर डावीकडे, नाही दिसलं तर उजवीकडे. पुढची कुपी. असं दिवसभर, आणि घरी गेल्यावरही तांब्यातल्या पाण्यात, पोराच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात, आभाळात, सगळीकडे कण तरंगत राहायचे. बोलायचं नाही असा नियम होता. तोंडावर कापडी पट्टी असायची, औषधात थुंकी उडू नये म्हणून. कंपनीनं ती पट्टी बांधायला लावली आणि तिथेच चूक केली, असं ती पुढे म्हणायची. कारण पट्टीमागे ओठ कुणाचे हलतात ते मुकादमाला दिसायचं नाही.

भिंतीच्या पलीकडे तसाच दुसरा हॉल होता. तेच दिवे, त्याच पाट्या, त्याच कुप्या. तिथे पुरुष बसायचे. त्यांच्या बिल्ल्यावर ‘तपासनीस’ लिहिलेलं असे आणि बायकांच्या बिल्ल्यावर ‘मदतनीस’. कुणाला मदत, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. पगारात, रजेत, उपाहारगृहातल्या बाकांवर, सगळीकडे त्या दोन शब्दांमधलं अंतर होतं. तिला यमकं जुळवायची खोड लहानपणापासून. घरात भावंडं तिला त्यावरून मारायची आणि हॉलमधल्या बायकांनी तिचं नावच यमकबाई पाडलं होतं. एके दिवशी नवे बिल्ले वाटले तेव्हा तिनं आपला बिल्ला हातात घेऊन शेजारणीला म्हटलं की बघ, यमक तर कंपनीनंच जुळवून ठेवलंय, आपण फक्त वरच्या ओळी घालायच्या. शेजारीण म्हणजे शिडी. ती इतकी उंच होती की तिच्या बाकाखाली पाय दुमडून ठेवायला जागा नसे. शिडी म्हणाली, घाल मग. दुपारपर्यंत तिनं घातल्या. पट्टीच्या आत, कुपी फिरवायच्या ठेक्यावर:

एकच दिवा, एकच काच,
डोळ्यांमागचा एकच जाच;
मग तो का तपासनीस
आणि मी का मदतनीस?

शिडीनं ते पुढच्या बाकावर दिलं. पुढच्या बाकावरची बाई आणि शिडी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. पाण्याच्या नळावरून त्यांची झिंज्या उपटण्यापर्यंत मजल गेली होती. पण ती ओळ अशी होती की अडवून ठेवता येत नव्हती. ती पुढे गेली, रांगेच्या टोकाला वळली, दुसऱ्या रांगेतून परत आली आणि संध्याकाळच्या आत हॉलभर कुप्या एका ठेक्यात फिरायला लागल्या. देव वेगळे, वस्त्या वेगळ्या, कुणाचा नवरा दारुडा, कुणाचा साधू, कुणाला नवराच नाही. त्या बायकांना एकत्र आणायला युनियनचे दोन पुढारी चपला झिजवून थकले होते. पुढारी सांगायचे ते सगळं खरं असायचं, आणि खरं आहे म्हणूनच त्या ऐकताना पेंगायच्या. ही चार ओळींची टवाळी मात्र प्रत्येकीच्या तोंडात अशी बसली, जणू ती तिलाच सुचली होती. आपण एवढ्या जणी आहोत, हे त्यांना मोजून कळलं नाही. एका सुरात श्वास घेताना कळलं. मग प्रत्येकजण भर घालायला लागली. शिडीनं घातलं, ‘सुईत दोरा ओवेना, लेकीचं तोंड दिसेना.’ ते तिच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. आणि मग एक दिवस मुकीनं घातलं. मुकी मुकी नव्हती, फक्त बोलायची नाही. हजेरीला हात वर करायची, कुणी रागावलं तर खाली बघायची. खिडकीशेजारच्या कोपऱ्यातून पट्टीमागून एक जाडसर, न वापरलेला आवाज आला:

डोळे दिले, उसने दिले,
ते मी मागायला आले.

हॉलमध्ये कुपी फिरायची थांबली. यमकबाईची यमकं घट्ट बसायची, लोक हसायचे. पण असं तिला कधी येणार नव्हतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. त्याचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली. ‘उसने’ या शब्दाशी ती कितीतरी दिवस खेळत राहिली. उसनं म्हणजे परत करायचं असतं. विकलं तर विषय संपतो, दान दिलं तर पुण्य लागतं. उसनं दिलं की दाराशी जाऊन उभं राहण्याचा हक्क शिल्लक राहतो. त्या एका शब्दात सगळी मागणी होती. आणि पुस्तकात नेमका तोच शब्द उपटून तिथे माया लावली होती.

जेवताना तिनं मुलाला सांगितलं की ती कविता आमची आहे, आमच्या हॉलमधली. मुलगा चांगला होता. आईवर त्याचा जीव होता. तो म्हणाला की अशी गाणी सगळीकडे सारखीच असतात, तुझीही असेल तशीच. ती म्हणाली, सारखी नाही, तीच. त्यांनी शब्द बदललेत. त्यावर मुलानं कौतुकानं मान हलवली आणि मुलीला म्हणाला, बघ, आजी पण काही कमी नव्हती. आजोबा मोठे तपासनीस होते आणि आजी तिथेच मदतनीस होती.

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यात वाईट हेतू नव्हता, म्हणूनच ते सरळ आत गेलं. तिनं ताटातलं संपवलं. अन्नाला खारट-कडू चव लागत होती, औषध घशात उतरलं की लागते तशी. त्याचे वडील भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये बसायचे हे खरं. दोघं एकाच गेटमधून आत जायची, एकाच भोंग्याला बाहेर पडायची. ती ओळ भिंत ओलांडून पुरुषांकडे पोचली तेव्हा तिकडे कुणीतरी नवऱ्याला म्हणालं असणार की तुझ्या बायकोनं तुझ्यावर गाणं केलंय. घरी येऊन तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त दिवा लावताना म्हटलं, “एकच दिवा,” आणि हसला. पुढे कितीतरी वर्षं, ती सुई शोधत असली, भाजी करपली, पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही कुणी करायची असा प्रश्न आला, की तो म्हणायचा, विचारा तपासनीसबाईंना. ओरडणारा नवरा लोकांना सांगता येतो; हसणारा सांगता येत नाही. बायकांनी बंद पुकारला तेव्हाही तो घरी हसतच आला होता. बंद म्हणजे तरी काय, त्या बायका वेळेवर आल्या, पट्ट्या बांधल्या, दिवे लावले, बाकांवर ताठ बसल्या आणि डोळे मिटले. एवढंच. गैरहजर म्हणता येईना, काम नाकारलं म्हणता येईना. कुप्या हातात होत्या, फिरतही होत्या, फक्त बघणारं कुणी नव्हतं. आणि शंभराच्या वर बायका डोळे मिटून ते गाणं म्हणत होत्या. मिटल्या डोळ्यांनी आवाज कुठून येतो ते कळत नाही. तो आपल्याच छातीतून येतोय असं वाटतं. मुकादम रांगेतून हिंडत राहिला, त्याच्या बुटांचा आवाज जवळ यायचा आणि लांब जायचा, आणि त्या आवाजाला घाबरायचं असतं हे ती आयुष्यात पहिल्यांदा विसरली. साठलेल्या कुप्या तपासायला कंपनीनं मग पुरुषांना जादा वेळ थांबवलं. काहींनी नकार दिला. तिच्या नवऱ्यानं दिला नाही. तो उशिरा घरी यायचा, डोळे चोळायचा, आणि एकदा तिनंच त्याला डोळ्यांवर ठेवायला ओला रुमाल भिजवून दिला होता. का दिला, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

आठवडाभर नातीची परीक्षेची तयारी चालली. ती संधी साधून पोरीला खरं कडवं शिकवायला बसली. पोरीनं ऐकून घेतलं, तिला ते आवडलंही. तपासनीस-मदतनीस म्हणताना ती फिदीफिदी हसली. पण मग तिनं व्यवहाराचा प्रश्न विचारला. प्रश्न येणार आहे, आईने डोळे कशाने दिले? उत्तर, आईने डोळे मायेने दिले. मी उसने लिहिलं तर मार्क कोण देणार? सून कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “आई, परीक्षेपुरतं राहू द्या ना तसंच.” त्यात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. सुनेनं कचेरीत ज्या पोराला काम शिकवलं होतं तो आता तिचा साहेब झाला होता, आणि तिनं ते घरी एकदाच, पाणी पिता पिता सांगितलं होतं. परीक्षेपुरतं, नोकरीपुरतं, पोरं मोठी होईपर्यंत. बाईचा जन्म असा ‘पुरता’ जातो, असं आजीच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं, कारण ते परत यमकबाईचं चटकदार बोलणं झालं असतं आणि सून हसली असती.

पोरगी म्हणत राहिली. सकाळी दात घासताना, संध्याकाळी औषध पडलं की भिंतीपलीकडून. मायेने दिले. मायेने दिले. आजी पडून मुकीचा विचार करत राहायची. मिटल्या डोळ्यांच्या त्या बंदानंतर तडजोड झाली होती. मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. बायकांच्या बिल्ल्यावरचं ‘मदतनीस’ गेलं आणि ‘तपासनीस’ आलं. त्या दिवशी हॉलमध्ये रडारड झाली, शिडीनं तिला उचलून गोल फिरवलं. पुढच्याच महिन्यात पुरुषांना नवे बिल्ले मिळाले. ‘वरिष्ठ तपासनीस’. अंतर होतं तेवढंच राहिलं, फक्त दोन्ही टोकं एकेक पायरी वर सरकली, आणि या वेळी कंपनीनं यमक जुळवलं नव्हतं. दुसरं एक कलम होतं, डोळ्यांची काळजी घ्या या मागणीचं. कंपनीनं ते मोठ्या मनानं मान्य केलं. डॉक्टर आणला, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, आणि ज्यांना खालच्या ओळी वाचता येणार नाहीत त्यांना या कामाचा त्रास होऊ नये म्हणून घरी पाठवायचं ठरवलं. ज्या डोळ्यांसाठी त्या भांडल्या तेच डोळे आता त्यांना बाहेर काढणार होते. मुकीचा नंबर पहिला लागला. ती आत गेली, बाहेर आली, सवयीनं खाली बघत पिशवी उचलली आणि गेली. कुणी डोळे मिटले नाहीत. प्रत्येकजण आपापल्या डोळ्यांच्या हिशेबात होती. दुसऱ्या दिवशी जिची नजर चांगली होती तिनं तक्त्यावरची अक्षरं लक्षात ठेवून आणली आणि यमकबाईनं त्यांची गंमतशीर ओळ करून दिली. ती पट्टीमागून हॉलभर फिरली. सगळ्या पास झाल्या. ती तिची सगळ्यात उपयोगी कविता होती. मुकी सोडून सगळ्यांना ती वेळेवर मिळाली.

शेवटी एका दुपारी ती शिडीकडे गेली. तिला साक्षीदार हवा होता. मनात तिनं सगळं जुळवलं होतं. दोघी शाळेत जाऊ, बाईंना भेटू, बाई वर कळवतील, कुणीतरी चौकशी करील. शिडी मुलीकडे राहत होती, एका नव्या रस्त्यावरच्या इमारतीत, खाली काचेची मोठमोठी दुकानं. दार उघडल्यावर शिडी तिच्या खांद्याच्या वर, कुठेतरी चौकटीकडे बघत उभी राहिली आणि मग तिनं हात पुढे करून तिचं तोंड चाचपलं. शिडीला आता फक्त उजेड आणि सावली कळत होती. वाकलीही होती, शिडी कसली, आता स्टूल झालेय, ती स्वतःच म्हणाली. चहा शिडीनंच केला, कप बोटानं मोजत, एक थेंब न सांडता. यमकबाईनं सगळी हकिगत सांगितली. चित्रातली बाई, डोक्यामागचा पिवळा गोल, मायेने दिले, खाली ‘पारंपरिक’. सांगता सांगता तिचा आवाज चढला. शिडी ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं.

“तू कशाला हसतेस?”

“अगं, पारंपरिक तर मीच सांगितलं होतं,” शिडी म्हणाली. “चौकशीत. विसरलीस?”

ती विसरली नव्हती. आठवू नये अशा जागी ठेवलं होतं, एवढंच. बंदाच्या आधी मोठ्या साहेबानं एकेकीला आत बोलावलं होतं. हे गाणं कुणी रचलं? जिनं रचलं तिची नोकरी जाणार हे उघड होतं. बाहेर बाकावर त्या ओळीनं बसल्या होत्या. शिडी आत गेली आणि मोठ्यांदा, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, हे कुणी रचलेलं नाही साहेब, जुनं आहे, आमच्या आया म्हणायच्या. पुढची गेली, तिनंही तेच सांगितलं. त्यापुढच्या सगळ्यांनी तेच. मुकीनं तर मान हलवली फक्त. तिची पाळी आली तेव्हा साहेबानं चष्म्यावरून बघत विचारलं, तुला यमकबाई का म्हणतात? आणि तीसुद्धा म्हणाली, उगीच म्हणतात, गाणं जुनंच आहे. साहेबानं लेखनिकाला सांगितलं, पारंपरिक लिहा. म्हणजे तो शब्द तिथला होता. तिला वाचवायला शंभर बायकांनी तिला पुसून टाकलं होतं, एकमतानं, प्रेमानं, आणि पुसणाऱ्या हातांत तिचाही हात होता.

“तेव्हा मरत होतीस नाव नको म्हणून,” शिडी म्हणाली, “आणि आता हवंय होय?”

ती म्हणाली, माझं नको. मुकीचं हवं. मुकीचं नाव काय होतं, शिडीनं विचारलं. दोघी आठवत राहिल्या. कपाटावरच्या घड्याळाचा आवाज येत होता. हजेरीला पुकारायचे ते नाव. मुकी नुसता हात वर करायची, म्हणून ते नाव तिच्या अंगाला कधी चिकटलंच नव्हतं. आठवेना. शिडीला आठवेना, तिलाही आठवेना. बरं, नाव राहू दे, शिडी म्हणाली, तू कडवं तर म्हण. खूप दिवसांत ऐकलं नाही. तिनं घसा साफ केला, ताठ बसली, बोटं आपोआप वळली, आणि ती म्हणाली,

“डोळे दिले, मायेने...”

ती तिथेच थांबली. आठवडाभर भिंतीपलीकडून जे आत झिरपलं होतं ते तिच्याच जिभेवर तयार होऊन बसलं होतं. शिडीनं आपले पांढुरके डोळे तिच्याकडे वळवले. या वेळी ती हसली नाही. “बघ,” ती म्हणाली, “तुझ्या तोंडातसुद्धा गेलं.” आणि मग तिनंच, आंधळेपणानं, सरळ, एकही शब्द न चुकता ते कडवं म्हटलं. शिडीच्या घरात शाळेचं पोर नव्हतं, आणि पुस्तक समोर धरलं असतं तरी तिला दिसलं नसतं. तेवढ्यापुरतं शिडीचे डोळे गेले ते बरं झालं, असा एक भयंकर विचार तिच्या मनात आला आणि ती घाईनं उठली.

खाली रस्त्यावर ऊन होतं. तिला राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. पुस्तक करणाऱ्यांवर काढावा तर त्यांनी बिचाऱ्यांनी चौकशीच्या कुठल्यातरी जुन्या कागदावर होतं ते घेतलं असणार, जरा धुऊन, जरा गोड करून, मुलांच्या हातात द्यायचं म्हणून. शिडीवर काढता येत नव्हता. नवरा राहिला नव्हता. रिक्षा मिळेपर्यंत ती एका काचेच्या दुकानाच्या सावलीला उभी राहिली. दुकानाला दोन दारं होती आणि दोन पहारेकरी, एक पुरुष, एक बाई, सारख्याच निळ्या गणवेशात. पुरुष पहारेकरी आपल्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बाईच्या दाराशी खुर्ची नव्हती. ती तिशीची असेल. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती, मग परत पहिल्यावर, आणि गिऱ्हाईक आलं की दोन्ही पायांवर उभी राहून दार ओढत होती. दार उघडलं की आतला गार वारा तिच्या अंगावरून जात होता. खुर्ची का नाही, तिनं विचारलं. बाई म्हणाली, लेडीजला नाही देत, बसल्या की बरं दिसत नाही म्हणतात. हे ती तक्रार म्हणूनही बोलली नाही; दुकान किती वाजता बंद होतं ते सांगावं तसं बोलली.

यमकबाईनं काही ठरवलं नव्हतं. राग होता, पायांत कळ होती, जिभेवर ती लाजिरवाणी गोड चव अजून होती, आणि ती जावी म्हणून थुंकावं तसं तिच्या तोंडून बाहेर पडलं:

“एकच दार, एकच पहारा;
त्याला खुर्ची, मला वारा.”

बाईनं मान वळवली. काय म्हणालात, तिनं विचारलं. काही नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं; जन्मभराची सवय. पण तिनं ते दुसऱ्यांदा म्हटलं, जरा सावकाश. बाई आधी हसली. मग खुर्चीवरच्या पुरुषाकडे एक नजर टाकून तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. त्याला खुर्ची, मला वारा. भार या पायावरून त्या पायावर गेला तो आता ठेक्यात गेला.

“माझं आहे ते,” ती म्हणाली. तिच्या कानांना तो आवाज परका वाटला. “मी केलंय. आत्ता.”

“हो का आजी,” बाई म्हणाली, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तशा प्रेमळ आवाजात, पण तिचं लक्ष आजीकडे नव्हतं. शेजारच्या दुकानाच्या दाराशी अशीच एक निळ्या गणवेशातली पोरगी उभी होती, आणि तिची मान इकडे कधी वळते याची बाई वाट बघत होती.